गाठीशेजारचा तुकडा

यकृताच्या कॅन्सरमध्ये रोगप्रतिकारक पेशी नेमकं काय करत असतात, या प्रश्नावर मी पीएचडी केली आणि अजूनही त्याच कामात आहे. "म्हणजे तू कॅन्सरवर औषध शोधतेस का?" असं कुणी विचारलं की मी गडबडते. औषधं आधीच आली आहेत. ती काही जणांना फार छान लागू पडतात आणि बऱ्याच जणांना अजिबात नाही. असं का होतं ते समजून घ्यायची आमची धडपड. रोजचं काम मात्र याहून साधं दिसतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या लिव्हरचा तुकडा आणायचा, त्यातल्या प्रतिकारक पेशी जिवंत सुट्या करायच्या, त्या कोण आहेत ते ओळखायचं आणि त्यांच्यात अजून किती दम उरलाय ते बघायचं. हे कसं करतात, आणि ते करताना माझं लक्ष गाठीवरून हळूहळू तिच्या शेजारच्या भागाकडे कसं सरकलं, ते सांगते.

सुरुवात कागदांपासून होते. माणसाच्या शरीरातलं काहीही संशोधनाला वापरायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत प्रोटोकॉलचे इतके मसुदे होतात की स्वतःचा प्रकल्प तोंडपाठ होतो. कोणाकडून किती घेणार, पेशंटची ओळख कशी झाकणार, उरलेलं सँपल किती वर्षं ठेवणार, पेशंटने नंतर नकार दिला तर काय करणार, सगळं आधी लिहून द्यायचं. मधल्या काळात आमच्याकडून हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करून घेतात आणि नंतर रक्त तपासून अँटिबॉडीची पातळी किमान १० मिलियुनिट प्रति मिलिलिटर आहे ना, हे बघतात. यकृताच्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटांच्या अंगात हा विषाणू असतो आणि आमच्या हातात धारदार स्काल्पेल. तेव्हा यात कुणाची हयगय चालत नाही. ही लस स्वतःच या विषयातली केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा वाचताना कळलं. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांसाठी तिचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला आणि १९९७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण घटल्याचं दाखवून दिलं. प्रतिकारशक्तीला हाताशी धरून कॅन्सर रोखता येतो याचा इतका सरळ पुरावा क्वचितच सापडेल. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांच्या, गाजावाजात तिचं नाव कुणी घेत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

मग संमती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटून सगळं समजावून सांगायचं असतं. समोरच्या माणसाच्या डोक्यात उद्याचं ऑपरेशन, आणि आपण हातात फॉर्म घेऊन उभे. मी आधीच सांगून टाकते की ऑपरेशन जसं व्हायचं तसंच होईल, जेवढं काढायचंय तेवढंच काढतील. तपासणीसाठी लागेल तेवढं पॅथॉलॉजीला जाईल आणि उरलेल्यातला थोडा भाग आम्ही घेऊ. एका आजोबांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यातून मला काय मिळणार?"

"काही नाही, आजोबा. तुमच्या उपचारात यानं काही फरक पडणार नाही."

"मग कुणाला?"

"पुढे कधीतरी, दुसऱ्या कुणाला तरी. तेही नक्की नाही."

त्यांनी सही केली आणि मुलाकडे वळून म्हणाले, "मघाशी डॉक्टर काय म्हणाले ते हिलाच विचार. ही सरळ सांगते." मी डॉक्टर नाही, मला ते सांगता येणार नाही, हे बापलेकांना पटवण्यात पुढचा बराच वेळ गेला.

इथे एक मेख आहे. यकृताच्या कॅन्सरच्या सगळ्याच पेशंटांचं ऑपरेशन होत नाही. गाठ लवकर सापडली आणि उरलेल्या यकृतात पुरेशी ताकद असली तरच सर्जन हात घालतात. ज्यांना इम्युनोथेरपी दिली जाते त्यातले बहुतेक मात्र ऑपरेशनच्या पलीकडे गेलेले असतात. म्हणजे आम्ही अभ्यास करतो एका गटाचा आणि उत्तर हवं असतं दुसऱ्याच गटासाठी. शोधनिबंधांमध्ये ही गोष्ट शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलेली असते. माझ्या मते ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

सँपल कधी येणार हे आमच्या हातात नसतं. ऑपरेशन सकाळी सुरू झालं तरी तुकडा हातात पडायला दुपार उलटते. ओटीतून निरोप आला की बर्फाचा डबा घेऊन पॅथॉलॉजीत जाऊन थांबायचं. तिथल्या डॉक्टर काढलेला भाग आधी नीट पाहतात, गाठ किती मोठी, कडेपासून किती लांब, सगळं मोजतात, आणि निदानाला धक्का न लागता जेवढं देता येईल तेवढंच देतात. त्यांनी "आज काही मिळणार नाही, गाठ लहान आहे" म्हटलं की विषय संपला. मिळालं तर दोन नळ्या असतात: एकीत गाठीचा तुकडा आणि दुसरीत गाठीपासून जरा लांबचा, गाठ नसलेला. दोन्ही थंडगार पोषक द्रावणात. सोबत त्याच पेशंटचं रक्त. इथून पुढे घड्याळाशी शर्यत, कारण पेशी मरायला लागलेल्या असतात.

हे दोन तुकडे हाताला इतके वेगळे लागतात की लेबल नसलं तरी चालेल. गाठ बहुतेक वेळा मऊ, फिकट, मधे मधे रक्ताळलेली. कधी कधी ती चक्क हिरवट असते, कारण कॅन्सरच्या पेशीही मुळात यकृताच्याच, त्या पित्त बनवत राहतात आणि ते वाहून न्यायला धड नलिका नसतात. शेजारचा तुकडा, पेशंटला सिऱ्होसिस (व्रण साठून निबर झालेलं यकृत) असेल तर, कडक आणि गाठाळ. स्काल्पेल चालवला की करकर असा बारीक आवाज येतो. तो आवाज व्रणाच्या तंतूंचा. वर्षानुवर्षं यकृत जखमी होत आणि भरून येत राहिलं की हे तंतू साठत जातात. चरबी साठलेल्या यकृताचा तुकडा वेगळाच, पिवळसर आणि तेलकट. हातमोज्यांना बुळबुळीत लागतो आणि नंतर नळीत वर चरबीचा थर तरंगत राहतो.

तुकड्याचं वजन करायचं, रक्त धुऊन काढायचं आणि मग पेट्री डिशमध्ये बारीक, अगदी बारीक कापत राहायचं. त्यावर कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालून ३७ अंशांवर साधारण अर्धा तास हलतं ठेवायचं, म्हणजे पेशींना धरून ठेवणारे तंतू सुटतात. सोबत डीएनेजही घालावं लागतं, कारण मेलेल्या यकृतपेशी फुटल्या की त्यांचा डीएनए चिकट जाळ्यासारखा पसरतो आणि जिवंत पेशींच्या गुठळ्या करून टाकतो. एन्झाइम कमी वेळ ठेवलं तर पेशी सुटत नाहीत. जास्त वेळ ठेवलं तर पेशींच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं तासली जातात, आणि नेमकी तीच आपल्याला नंतर बघायची असतात. त्यामुळे नवीन बॅच आणली की आधी रक्तातल्या पेशींवर तिची चाचणी घ्यायची, कोणतं प्रथिन टिकतं आणि कोणतं उडतं ते बघायचं. हे कंटाळवाणं काम टाळणाऱ्या लॅबच्या निष्कर्षांवर माझा चटकन विश्वास बसत नाही.

मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं आणि सेंट्रिफ्यूज आधी अगदी हळू फिरवायचा. यकृताच्या मूळ पेशी आकाराने मोठ्या आणि जड, त्या तळाला बसतात. प्रतिकारक पेशी लहान, त्या वर द्रावणात राहतात. हे वरचं द्रावण काढून पुन्हा जोरात फिरवलं की त्या खाली येतात. पुढे पर्कॉल नावाच्या दाट द्रावणाच्या थरांमधून उरलासुरला कचरा वेगळा करायचा, लाल पेशी फोडून टाकायच्या, ट्रायपॅन ब्लू घालून मोजायचं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या नजरेतच सगळं निळं दिसलं की दिवस वाया गेला हे कळतं.

यकृतपेशी आधी काढून टाकायच्या त्याला आणखी एक कारण आहे. त्यांच्यात आर्जिनेज हे एन्झाइम ठासून भरलेलं असतं. त्या फुटल्या की ते द्रावणात येतं आणि आर्जिनिन संपवून टाकतं. टी पेशींना, म्हणजे नेमकं लक्ष्य ओळखून लढणाऱ्या प्रतिकारक पेशींना, वाढायला हे अमिनो आम्ल लागतं. म्हणजे नीट वेगळं न केलेल्या सँपलमध्ये टी पेशी सुस्त पडलेल्या दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, कॅन्सरने त्यांना दाबलंय. गंमत म्हणजे शरीरातसुद्धा गाठीभोवतीच्या काही पेशी हेच आर्जिनेज वापरून टी पेशींची उपासमार करतात. त्यामुळे दिसतंय ते रोगाने केलेलं की आपल्या नळीत झालेलं, हे दर वेळी तपासावं लागतं.

आता यकृताबद्दल थोडं, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं आणि त्यातलं सुमारे ७५ टक्के थेट आतड्यांकडून, पोर्टल शिरेतून. त्यात अन्नातले रेणू असतात, जिवाणूंचे तुकडे असतात, अधूनमधून जिवंत जिवाणूही. नाक्यावरचा शिपाई प्रत्येक गाडीवर बंदूक रोखायला लागला तर नाका चालणार नाही. तसंच यकृताच्या प्रतिकारक पेशींना बहुतेक गोष्टी सोडून देण्याचीच सवय असते. केशवाहिन्यांच्या भिंतींना तिथे बारीक छिद्रं असतात, आणि या वाहिन्यांच्या आत कुप्फर पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुप्फरने त्यांचं वर्णन १८७६ मध्ये केलं. शरीरात एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या भक्षक पेशींमध्ये सर्वांत मोठा जथा यांचाच. येणारा कचरा गिळायचा आणि गाजावाजा करायचा नाही, हे त्यांचं काम.

हा सोशिकपणा किती खोल आहे ते १९६९ मध्ये दिसलं. रॉय काल्न यांच्या गटाने डुकरांमध्ये यकृताचं प्रत्यारोपण केलं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही परकं यकृत अनेकदा टिकलं. त्याच दात्याची कातडी किंवा मूत्रपिंड बसवलं तर तेही अशा जनावरांनी चालवून घेतलं. माणसात हे एवढं सहज होत नाही, तरी यकृत बदललेल्या काही मोजक्या लोकांची औषधं कालांतराने बंद करता आली आहेत. प्रत्यारोपणाला वरदान ठरणारा हाच स्वभाव कॅन्सरच्या बाबतीत नडतो. दुसऱ्या अवयवातला कॅन्सर यकृतात पसरला की इम्युनोथेरपीचा गुण कमी येतो, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतंच. २०२१ मधल्या एका अभ्यासात उंदरांमध्ये त्याचं कारण दिसलं: यकृतात येणाऱ्या, कॅन्सरशी लढणाऱ्या टी पेशींना तिथल्या भक्षक पेशी मारूनच टाकत होत्या.

परत माझ्या नळीकडे. सुट्या केलेल्या पेशींवर रंगीत अँटिबॉडी चढवायच्या. प्रत्येक अँटिबॉडी एकाच प्रथिनाला चिकटते आणि तिला एक चमकणारा रंग जोडलेला असतो. सीडी४५ म्हणजे कुठलीही पांढरी पेशी; सीडी३ असेल तर टी पेशी; सीडी३ नाही आणि सीडी५६ आहे तर एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी. मग सीडी८ (मारेकरी टी पेशी), सीडी४ (मदतनीस टी पेशी), एकाच जागी मुक्काम करणाऱ्या पेशींची खूण म्हणून सीडी६९ आणि सीडी१०३, आणि दमलेल्या पेशींवर दिसणारे, त्यांना ब्रेक लावणारे पीडी-१, टिम-३. मेलेल्या पेशी बाजूला काढायला वेगळा रंग. असं सगळं मिळून फ्लो सायटोमीटरमध्ये सोडलं की पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी, आणि प्रत्येकीचा एक ठिपका पडद्यावर उमटतो.

लिव्हरच्या पेशी या यंत्राला फार छळतात. त्या स्वतःच चमकतात. जुन्या पेशींमध्ये साठलेला लिपोफ्युसिन नावाचा कचरा, स्टेलेट पेशींमधलं जीवनसत्त्व अ, चरबीचे थेंब, सगळे आपापला प्रकाश टाकतात आणि तो नेमका आपल्या रंगांवर चढतो. म्हणून कुठलाही रंग न लावलेल्या त्याच तुकड्याच्या थोड्या पेशी वेगळ्या ठेवायच्या, आणि एकेक अँटिबॉडी वगळलेल्या नळ्याही तयार करायच्या, म्हणजे खरी चमक आणि खोटी चमक यांच्यामधली रेषा कुठे आखायची ते कळतं. ही रेषा माऊसने हातानेच आखायची असते. ती जरा डावीकडे सरकवली की "पीडी-१ असलेल्या पेशी" वाढतात. म्हणून आमच्याकडे कोणता तुकडा गाठीचा आणि कोणता शेजारचा हे झाकून दुसऱ्या कुणाकडून तरी रेषा आखून घ्यायची पद्धत आहे.

पहिल्यांदा रक्त आणि लिव्हर शेजारी शेजारी ठेवून बघितलं तेव्हा ही एकाच माणसाची सँपलं आहेत हे पटेना. रक्तातल्या लिंफोसाइटमध्ये (टी, बी आणि एनके पेशी मिळून) एनके पेशी ५ ते २० टक्क्यांच्या घरात असतात. लिव्हरमध्ये त्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातात. मेट नावाच्या, जिवाणूंची चाहूल घेणाऱ्या टी पेशी रक्तात थोड्या, पण निरोगी यकृतातल्या टी पेशींमध्ये त्यांचा वाटा मोठा. आणि उंदरात चित्र उलटं: मेट पेशी जवळजवळ नाहीत, त्याऐवजी एनकेटी नावाच्या दुसऱ्या टी पेशींची गर्दी, ज्या माणसाच्या यकृतात कमीच. उंदरावरून निघालेले निष्कर्ष माणसाला लावताना हे लक्षात ठेवावं लागतं, आणि नुसत्या रक्तावरून यकृतात काय चाललंय ते ओळखू म्हणणाऱ्यांनीही.

सुरुवातीची काही सँपलं झाल्यावर लॅब मीटिंगमध्ये मी मोठ्या उत्साहाने स्लाइड दाखवली: गाठीतल्या सीडी८ पेशींवर पीडी-१ शेजारच्या भागापेक्षा जास्त. आमच्या गाइड मॅडम चहूबाजूंनी प्रश्न विचारतात अशी त्यांची ख्याती, पण त्या दिवशी त्यांनी एकच विचारला. "हे शेजारचं लिव्हर तू नॉर्मल धरलंयस?"

"नॉर्मल नाही मॅडम, पण कॅन्सर नाहीये ना तिथे."

"सिऱ्होसिस आहे. हिपॅटायटिस बी आहे. पुढची गाठ तिथेच उठायची आहे. मग तू नक्की कशाची तुलना कशाशी करतेयस?"

यकृताच्या कॅन्सरचं वैशिष्ट्यच हे. बहुतेक वेळा तो धडधाकट यकृतात उगवत नाही. आधी वर्षानुवर्षं विषाणू, दारू किंवा चरबीने पोखरलेल्या यकृतात उगवतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीला थेट फारसं इजा करत नाही. यकृताचं नुकसान होतं ते विषाणूग्रस्त पेशी मारायला आलेल्या आपल्याच टी पेशींकडून. त्या पूर्ण जिंकल्या तर आजार काही आठवड्यांत संपतो. अर्धवट लढत राहिल्या तर वर्षानुवर्षं मरणं, भरून येणं, व्रण, पुन्हा मरणं चालू राहतं. कॅन्सर येतो तो या धुमश्चक्रीतून. म्हणजे मी ज्याला तुलनेचा तुकडा म्हणत होते, तोच मूळ प्रकरणाची जागा होता.

मग खरंखुरं नॉर्मल लिव्हर शोधायची मोहीम सुरू झाली. निरोगी माणसाच्या लिव्हरचा तुकडा कोण कशाला देईल? एक मार्ग म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरल्यावर जो भाग काढतात त्याची लांबची कड. तिथे सिऱ्होसिस सहसा नसतो. पण त्या पेशंटांना बहुधा आधी केमोथेरपी झालेली असते. ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृताच्या केशवाहिन्यांना इजा होते, इरिनोटिकॅनने चरबी आणि दाह वाढू शकतो. दुसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. दात्याचं यकृत बसवण्याआधी त्यातून द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात. ते वाहून आलेलं द्रावण एरवी फेकूनच देतात आणि त्यात केशवाहिन्यांमधल्या प्रतिकारक पेशी भरपूर असतात. पण जे सहज वाहून येतं तेच आपल्याला मिळतं. आत घट्ट बसून राहिलेल्या पेशी यकृतातच राहतात. शिवाय दाता अनेकदा मेंदूमृत असतो आणि त्या अवस्थेतही शरीरात दाह वाढलेला असतो. शेवटी आम्ही तिन्ही प्रकारची सँपलं ठेवली (गाठीशेजारचा तुकडा, ही लांबची कड आणि हे द्रावण) आणि प्रत्येकाचं व्यंग स्पष्ट लिहिलं. एका परीक्षकाने तरीही "योग्य निरोगी नियंत्रण गट नाही" असा शेरा मारला. आणून द्या म्हणावंसं वाटलं, पण तसं लिहिता येत नाही.

या फेऱ्यात मी शेजारच्या तुकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. त्याच सुमाराला, २०२१ मध्ये, नेचरमध्ये दोन शोधनिबंध आले आणि लॅबमध्ये आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. चरबी आणि दाह असलेल्या यकृतात सीडी८ पेशी मोठ्या संख्येने जमतात. त्यांच्यावर पीडी-१ असतं, सीएक्ससीआर६ (यकृतात मुक्कामी पेशींची खूण) असतं, आणि त्या समोर कोण आहे हे न बघता यकृतपेशी मारतात. अशा उंदरांना पीडी-१ रोखणारं औषध आधीपासून दिलं तर गाठी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. सीडी८ पेशी काढून टाकल्यावर कमी झाल्या. मी जिला दमलेली, ब्रेक लागलेली, बिचारी पेशी समजत होते ती या यकृतात आग लावत फिरत होती, आणि ब्रेक सोडल्यावर आणखी जोरात. पीडी-१ हे प्रथिन १९९२ मध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, त्यावरच्या कामासाठी त्यांना २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं, आणि जगभर त्याची ओळख "कॅन्सरने लावलेला ब्रेक" अशी झाली. यकृतात हा ब्रेक कधी कधी आपल्याच भल्यासाठी असतो.

त्यातल्याच एका शोधनिबंधात माणसांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून असंही सुचवलं होतं की विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीचा फायदा दिसतो, चरबी किंवा दारूमुळे झालेल्यात तितका नाही. यावरून भरपूर वाद झाले. पुढच्या वर्षी आलेल्या हिमालया नावाच्या, इम्युनोथेरपीच्याच मोठ्या चाचणीत ही विभागणी जुळली नाही. तिथे विषाणू नसलेल्यांनाही फायदा दिसला आणि हिपॅटायटिस सीच्या गटातच फरक दिसेना. त्यामुळे आजाराचं कारण बघून कुणाला हे उपचार नाकारावेत, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. मला विचाराल तर "विषाणू" आणि "चरबी" या दोन डब्यांत पेशंट बसवणंच भरड आहे. एकाच पेशंटला दोन्ही असतं. यकृतात त्या घडीला कोणत्या टी पेशी आहेत, हा प्रश्न जास्त नेमका.

आणि या उपचारांनी चित्र बदललंय हे नाकारण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये सोराफेनिब या गोळीच्या (ही इम्युनोथेरपी नव्हे) चाचणीचे निकाल आले तेव्हा प्रगत यकृत-कॅन्सरमध्ये मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं आणि तेवढ्यावरही सगळे खूश होते. २०२० मध्ये ॲटेझोलिझुमॅब (पीडी-१ चा ब्रेक सोडवणारं) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं) एकत्र दिल्याची चाचणी छापून आली. नंतरच्या आकड्यांत या जोडीवर १९.२ महिने, तर सोराफेनिबवर १३.४. गाठ स्पष्टपणे आक्रसते ती दहापैकी साधारण तिघांची. उरलेल्या सातांचे तुकडे आम्हाला हवे असतात, आणि त्यांचं तर ऑपरेशन होत नाही.

पेशींच्या अंगावरची प्रथिनं मोजणं हे अर्धंच काम. त्या काही करतात का हे बघायला त्यांना रात्रभर डिवचून ठेवतो आणि सकाळी इंटरफेरॉन-गॅमा (इतर पेशींना चेतवणारं प्रथिन), ग्रॅन्झाइम (पेशी मारणारं प्रथिन) किती तयार केलं ते मोजतो. ज्या पेशींवर पीडी-१ भरपूर, त्या पूर्ण निपचित असतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात गाठीतल्या कित्येक पेशी इंटरफेरॉन जेमतेम करतात पण ग्रॅन्झाइम बाळगून असतात, आणि शेजारच्या तुकड्यातल्या पीडी-१ वाल्या दोन्ही करतात. पीडी-१ ची खूण तीच, वागणं वेगळं. हे मला आकड्यांआधी ठिपक्यांच्या चित्रात दिसलं होतं: गाठीचा ढग खाली चिकटलेला आणि शेजारच्याचा वर उजवीकडे ताणलेला.

काही पेशी गोठताना त्यांना वाचवणाऱ्या दहा टक्के डीएमएसओमध्ये गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो, काही थेट सिंगल-सेल सिक्वेन्सिंगला जातात, म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचायला. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी सहा पेशंटांच्या ५,०६३ टी पेशींचा असा नकाशा काढला तेव्हा ती मोठी बातमी होती; आज एका सँपलमधून त्याहून जास्त पेशींचा नकाशा निघतो. मला मात्र या प्रचंड तक्त्यांपेक्षा पॅथॉलॉजीच्या पातळ कापावर रंग चढवून बघायला आवडतं. तिथे पेशी कुठे उभ्या आहेत ते दिसतं. कित्येक गाठींत सीडी८ पेशी आत शिरलेल्याच नसतात. गाठीच्या कडेने, व्रणाच्या पट्ट्यात थिजलेल्या असतात. तुकडा विरघळवून मोजल्यावर त्या "गाठीतल्या" म्हणून नोंदल्या जातात, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सध्या आम्ही ऑपरेशनवर अवलंबून राहणं कमी करतोय. बारीक सुईने यकृतातून थोड्या पेशी ओढून घेता येतात. हिपॅटायटिस बीच्या पेशंटांमध्ये हे तंत्र आधी वापरलं गेलं. जाड सुईच्या बायोप्सीपेक्षा त्रास आणि धोका कमी, त्यामुळे एकाच माणसाकडून इम्युनोथेरपीच्या पहिल्या डोसआधी एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा सँपल मागता येतं. गाठीतून एक, शेजारून एक. निरोगी यकृत कुठून आणायचं हा प्रश्नच राहत नाही. पेशंटचं आधीचं यकृत त्याच्या आत्ताच्या यकृताशी ताडून बघायचं. गाइड मॅडमनी हा आराखडा वाचला आणि पहिल्यांदा काही न खोडता परत दिला.

अडचण एवढीच की सुईत पेशी फार थोड्या येतात. तीन वेगवेगळ्या नळ्या करायची चैन नाही, जे बघायचं ते एकाच नळीत. शिवाय सुईत रक्तही येतं, म्हणून रक्तातली पेशी आणि यकृतात मुक्कामी असलेली पेशी वेगळी ओळखणाऱ्या खुणा सोडता येत नाहीत. त्यातच चार रंग जातात. उरलेल्यात काय ठेवायचं यावरून दर सोमवारी वाद. एका सहकाऱ्याला टिम-३ हवंय, त्याचं म्हणणं दमलेल्या पेशी त्याशिवाय ओळखू येणार नाहीत. मी सीएक्ससीआर६ सोडायला तयार नाही. भक्षक पेशींसाठी एकही रंग शिल्लक नाही, हे तिसरी सांगते आणि तिचं बरोबर आहे. पहिला पेशंट पुढच्या पंधरवड्यात यायचा आहे आणि अँटिबॉडीची ऑर्डर अजून गेलेली नाही.